कोरा सोडलेला प्रश्न

उत्तरपत्रिका तपासताना मला दोन प्रकारची शून्यं द्यावी लागतात. एक शून्य त्या मुलाचं, ज्यानं समीकरण मांडलं, दोन पायऱ्या नीट केल्या आणि तिसरीवर घसरला. दुसरं त्याचं, ज्यानं प्रश्नाचा क्रमांकसुद्धा घातला नाही. गुणपत्रकात दोन्ही शून्यं सारखीच दिसतात आणि बेरीज करणाऱ्याला त्यांत फरक करायचं कारणही नसतं. मला मात्र तो फरक केल्याशिवाय पुढची उत्तरपत्रिका हातात घेववत नाही. माझ्या वहीत चुकलेल्या उत्तरासाठी मी फुली मारते आणि कोऱ्या जागेसाठी आडवी रेघ. चाचणी झाली की आधी रेघा मोजते, मग गुण.

ही सवय मला गणितामुळे लागली नाही. ज्या एका तासाचा मी मनापासून राग केला होता, त्या तासानं ती लावली.

आमच्या शाळेत एका वर्षी ठरलं की आठवीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास विद्यार्थी-विकासासाठी द्यायचा. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. किशोरवय, सर्वांगीण, व्यक्तिमत्त्व, जीवनकौशल्य, सगळे शब्द त्यात होते. मुलं त्याला 'तो तास' म्हणायला लागली आणि आठवडाभरात शिक्षकखोलीतही तेच नाव पडलं. तो तास गणिताच्या तासांतून काढला होता. वर्गशिक्षिका मीच, त्यामुळे घ्यायचाही मीच. बैठकीत मी हात वर करून विचारलं होतं, "यानं मुलांचे गुण वाढणार आहेत का?" कोणी काही बोललं नाही. खरं सांगायचं तर मी उत्तरासाठी विचारलंच नव्हतं. माझा तास परत मिळावा म्हणून विचारलं होतं.

तरीही प्रश्न रास्तच होता, असं मी आजही म्हणेन. असे कार्यक्रम जिथे जिथे येतात तिथे तो विचारला गेलाच पाहिजे. शाळेचा दिवस रबरासारखा ताणता येत नाही. ज्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्याचा अपूर्णांकांचा एक तास काढून तुम्ही त्याला भावना ओळखायला शिकवणार असाल, तर त्याच्या हाती नेमकं काय पडणार हे सांगायची जबाबदारी तुमची आहे.

पहिले पाच-सहा तास मी फार वाईट घेतले. हस्तपुस्तिका उघडायची आणि फळ्यावर लिहायचं: 'आत्मविश्वास म्हणजे स्वतःच्या क्षमतांवर असलेला विश्वास.' मुलं निमूटपणे उतरवून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात एकानं विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हणाले. पेनं बाकावर ठेवल्याचे आवाज मागच्या रांगेपर्यंत गेले.

आपलं कुठे चुकत होतं, ते पुढे वाचताना समजलं. जोसेफ डर्लक आणि रॉजर वाईसबर्ग या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाळा सुटल्यावर चालणाऱ्या अशा कार्यक्रमांचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले होते. २०१० साली त्यांनी जे मांडलं ते साधं होतं. कौशल्य पायरीपायरीनं शिकवलं जातं का, मुलं ते स्वतः करून बघतात का, त्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे का, आणि आपण नेमकं कोणतं कौशल्य शिकवतोय हे शिकवणाऱ्याला स्पष्ट आहे का, या चार गोष्टी त्यांनी बघितल्या. चारही होत्या तिथे मुलांच्या वागण्यात, शाळेबद्दलच्या ओढीत आणि गुणांतही फरक दिसला. नव्हत्या तिथे काहीच दिसलं नाही. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. भागाकाराची व्याख्या फळ्यावर लिहून 'झाला भागाकार' असं मी उभ्या जन्मात म्हटलं नसतं. आत्मविश्वासाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करत होते.

मग मुठीचा खेळ आला.

वर्गाच्या जोड्या करायच्या. जोडीतल्या एकाच्या हातात छोटा चेंडू द्यायचा आणि मूठ आवळायला सांगायचं. दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. एवढंच. मी घड्याळ हातात घेऊन "सुरू" म्हटलं आणि वर्गाचा आखाडा झाला. बाकं सरकली, एकाच्या शर्टाचं बटण तुटलं, खिडकीजवळचा एक मुलगा दुसऱ्याची बोटं एकेक करून उलगडत होता आणि तो दुसरा दात-ओठ खाऊन सहन करत होता. या सगळ्यात दुसऱ्या रांगेतल्या दोन मुली हाताची घडी घालून शांत बसलेल्या मला दिसल्या. भाग घेत नाहीत म्हणून त्यांना बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वेळ संपली. मी विचारलं, चेंडू कुणाला मिळाला? त्या दोघींतल्या एकीनं हात वर केला. कसा मिळवलास? "बाई, मी तिला म्हटलं, देतेस का. तिनं दिला."

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग कोणीतरी म्हणालं, "मागायचा होता हे सांगितलंच नव्हतं!" हिसकवायचा हेही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त 'मिळव' म्हटलं होतं.

हा खेळ शिकागोतल्या 'बिकमिंग अ मॅन' नावाच्या कार्यक्रमातला. तिथे तो शाळेच्याच वेळात, मुलांच्या छोट्या गटांत, आठवड्यातून एकदा घेतल्या जाणाऱ्या तासांचा भाग आहे. वर्षभरात असे सत्तावीस तास. २००९-१० या वर्षात तिथल्या १८ शाळांमधली सातवी ते दहावीची २,७४० मुलं घेऊन त्याची चाचणी झाली. कोणाला कार्यक्रमात जागा द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, म्हणजे हुशार किंवा गुणी मुलंच आत आली असं म्हणायला वाव उरला नाही. कार्यक्रम सुरू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. पुढे शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढलं. माझं लक्ष वेधलं ते वेगळ्याच गोष्टीनं. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला, पण शाळेतला टिकला.

का टिकला असावा? या अभ्यासकांचं म्हणणं असं की कार्यक्रमानं मुलांना चांगलं काय, वाईट काय हे शिकवलं नाही. ते त्यांना माहीत होतंच. त्यानं शिकवलं ते थांबणं. आपण एखाद्या प्रसंगाला विचार न करता, सवयीनं उत्तर देतोय हे ओळखणं. रस्त्यावर ज्या सवयीनं जीव वाचतो, वर्गात त्याच सवयीनं नुकसान होतं. कुणी धक्का दिला की उलटून धक्का द्यायचा हे बाहेर कदाचित बरोबर असेल, पण शिक्षकांनी "उभा राहा" म्हटल्यावर तेच केलं की मूल शाळेबाहेर जातं.

मी मात्र त्या खेळानंतर उत्तरपत्रिकांचा विचार करत घरी गेले. खिडकीजवळचा तो मुलगा, बोटं उलगडणारा, गणितात एक पायरी चुकली की पान टराटरा फाडायचा. पान फाडायची सोय नसेल, म्हणजे परीक्षेत, तर प्रश्न कोरा सोडायचा. इतकी वर्षं मी त्याला आळस म्हणत आले होते. आता वाटलं, हेही विचार न करता आलेलं उत्तरच आहे. उत्तर लिहिलं आणि चुकलं तर त्याला येत नाही हे सिद्ध होतं. कोरं सोडलं तर "मी अभ्यासच केला नव्हता" म्हणायची वाट मोकळी राहते. तेरा वर्षांच्या मुलाला ती वाट फार मोलाची असते. कोरी जागा म्हणजे त्याची आवळलेली मूठ होती, आणि मी वर्षानुवर्षं तिच्यावर लाल शाईनं शून्य काढत होते.

त्या दिवसापासून रेघा आणि फुल्या वेगळ्या मांडायला लागले. पुढच्या घटक चाचणीत वर्गाची सरासरी होती तिथेच राहिली. शिक्षकखोलीत मला कोणी विचारलं असतं, तर 'त्या तासानं काही झालं नाही' असंच सांगावं लागलं असतं. वहीत मात्र रेघा बऱ्याच कमी झाल्या होत्या आणि फुल्या तेवढ्याच वाढल्या होत्या. आधी जिथे काहीच नव्हतं तिथे आता चुका होत्या. एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण गणित शिकवणाऱ्याला चूक म्हणजे काय हे माहीत असतं. चुकीवर काम करता येतं. चूक बघितली की मूल कुठे अडलंय ते दिसतं: चिन्ह बदलायला विसरलं, की छेद समान न करताच बेरीज केली. कोऱ्या कागदावर शिक्षकानं काय वाचायचं?

म्हणून मला वाटतं की गुणांचा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. कोऱ्यावरून चुकीकडे आणि चुकीवरून बरोबरकडे अशी ती वाट आहे. यातला पहिला टप्पा गुणपत्रकात कुठेच उमटत नाही. बहुतेक शाळा तिथेच धीर सोडतात आणि कार्यक्रम गुंडाळतात.

गुण वाढतात का, याचं मोठ्या प्रमाणावरचं उत्तर त्याच डर्लक आणि वाईसबर्ग यांनी सहकाऱ्यांबरोबर २०११ साली दिलं. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या २,७०,०३४ मुलांवर झालेल्या, शाळेतच चालणाऱ्या २१३ कार्यक्रमांचे अभ्यास त्यांनी एकत्र केले. त्यांतल्या थोड्याच अभ्यासांनी गुण मोजले होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण ज्यांनी मोजले, तिथे कार्यक्रमातली मुलं इतरांच्या ११ शतमानकं पुढे होती. म्हणजे शंभर मुलं गुणांनुसार एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधलं मूल अकरा जागा पुढे सरकलं. एवढा फरक पाडणारी शिकवणीची पद्धत मला कुणी दाखवली, तर मी तिच्यासाठी एक काय, दोन तास देईन.

त्याच अभ्यासातल्या एका निष्कर्षाची चर्चा फारशी होत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तास बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी घेतले तिथे मुलांची कौशल्यं सुधारली. गुणांत ठोस वाढ मात्र शाळेतल्याच शिक्षकांनी तास घेतले तिथे दिसली. मी हे माझ्या वर्गाशी ताडून बघितलं तेव्हा नवल वाटलं नाही. मुठीच्या खेळात त्या मुलीनं चेंडू मागितला, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला ती गोंधळलेली दिसली तेव्हा मी नुसतं म्हटलं, "मागायचं असतं ना?" ती हसली आणि शंका विचारली. बाहेरून आलेला माणूस कितीही तयारीचा असो, मंगळवारचा तास संपला की तो निघून जातो. बुधवारच्या गणिताला तो तिथे नसतो.

अर्थात शिक्षकांनी घेतलं की सगळं साधतं असंही नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडूनच सजगतेचे, म्हणजे लक्ष श्वासावर आणण्यासारख्या सरावाचे, तास घेतले. २०२२ साली निष्कर्ष आले. शाळा एरवी जे शिकवत होत्या, त्यापेक्षा मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात काही जास्तीची सुधारणा झाली नव्हती. बरीचशी मुलं घरी सराव करतच नव्हती. मला त्या मुलांबद्दल आपुलकी वाटते. ज्याची गरज आपल्याला जाणवलेली नाही त्याचा गृहपाठ कोण करतं?

आणि नुसतं मुलांना आवडलं म्हणून भागत नाही, हे तर मी फार उशिरा मान्य केलं. आमच्या वर्षअखेरच्या अहवालात आम्ही नेहमी लिहायचो, 'मुलांनी उत्साहानं भाग घेतला.' अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ते १९४५ या काळात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत पाचशेहून अधिक मुलांच्या जोड्या लावून एक प्रयोग झाला होता. जोडीतल्या एकाला समुपदेशक मिळाला. घरी भेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं, सगळं काही. दुसऱ्याला काहीच नाही. पुढे जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं प्रौढ झाल्यावर शोधून काढली आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, त्याचा आम्हाला उपयोग झाला. त्यांच्या मनात त्या समुपदेशकांची आठवण प्रेमाची होती. पण व्यसन, आजारपण, पुन्हा पुन्हा होणारे गुन्हे अशा कसोट्यांवर मदत मिळालेलेच मागे पडले होते. इतकी माया लावून, इतकी वर्षं खपून तसं झालं. ते वाचल्यापासून 'मुलांना आवडलं' हे वाक्य मी अहवालात एकटं लिहीत नाही.

आमच्या तासाला खरा जीव आला तो मुलांना काहीतरी करायला मिळाल्यावर. 'टीन आउटरीच' नावाच्या एका कार्यक्रमाबद्दल मी वाचलं होतं. त्यात माध्यमिक शाळेतली मुलं वर्षात किमान वीस तास कुणासाठी तरी स्वेच्छेनं काम करतात आणि त्यावर वर्गात बोलतात. १९९७ साली २५ ठिकाणच्या जवळपास सातशे मुलांवरचा त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषयात नापास होणं, शाळेतून निलंबन होणं आणि किशोरवयातलं गरोदरपण, तिन्ही कमी झालं होतं. आणि या तिन्हींतल्या कशावरही त्या कार्यक्रमात फारसा थेट भर नव्हता. अभ्यास घेतला जात नव्हता, तरी नापास होणं कमी झालं.

मी ठरवलं, आमची आठवी चौथीला शिकवेल. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. ज्यांना गणित चांगलं येतं त्यांनाच पाठवावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी उलट केलं. एका मुलीला, जिच्या नावासमोर अपूर्णांकांच्या चाचणीत ओळीनं रेघा होत्या, चौथीतल्या दोन मुलांना अर्धा आणि पाव शिकवायला दिले. पहिल्या दिवशी ती दाराशीच घुटमळत होती. दुसऱ्या आठवड्यात मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तिनं एक कागद घेतला, दुमडला, उलगडला. "हे किती?" अर्धा. पुन्हा दोनदा दुमडला, उलगडला. "आता तुकडे किती?" चार. त्यातला एक तिनं पेन्सिलीनं रंगवला. छोट्यानं विचारलं, "मग चार मोठा आहे ना दोनापेक्षा? मग पाव अर्ध्यापेक्षा लहान कसा?" ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा प्रश्न तिला स्वतःला कितीतरी दिवस पडलेला आहे आणि तिनं तो कधी कुणाला विचारलेला नाही. मग तिनं कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "जितके जास्त वाटेकरी, तितका एकेकाचा वाटा लहान." शब्द शोधत, अडखळत म्हणाली. मी तीच गोष्ट आठवीत छेद-अंशांच्या भाषेत चार वेळा सांगितली होती.

तास सुटल्यावर ती माझ्याकडे आली. "बाई, पुढच्या वेळी तो बेरीज विचारेल. छेद वेगळे असले की काय करतात, मला नीट सांगाल?" तीन वर्षांत तिनं मला विचारलेली ही पहिली शंका. ती स्वतःसाठी विचारत नव्हती, त्या चौथीतल्या मुलासाठी विचारत होती. स्वतःसाठी विचारायला लाज वाटते, दुसऱ्यासाठी वाटत नाही.

किशोरवयीन मुलांकडे बघायची एक जुनी रीत आहे: हा अडचणींचा गठ्ठा आहे, तो फुटू नये म्हणून बांधून ठेवा. रिचर्ड लर्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती रीत उलटी केली. कुवत, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि कळवळा, या पाच गोष्टी मुलात वाढताहेत का ते बघा, असं ते म्हणतात. २००२ पासून त्यांनी अमेरिकेत ४२ राज्यांतल्या सुमारे सात हजार मुलांचा अभ्यास या नजरेनं केला. आणि या पाचांच्या पुढे सहावी गोष्ट येते, दुसऱ्यांसाठी काही देणं. त्या मुलीच्या बाबतीत क्रम उलटा झाला. देणं आधी आलं, कुवत मागून.

आता जे सांगायचं आहे ते मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा पोर्शन मागे पडला होता. मी सलग चार आठवडे 'तो तास' घेतला नाही, त्यात गणित घेतलं. चौथीचं शिकवणंही थांबवलं. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, तो निर्णय माझा होता. खिडकीजवळचा मुलगा त्या शिकवण्यासाठी पाटीखडू, कागद, चेंडू यांची पेटी सांभाळायचा. आधी दर आठवड्याला न सांगता पेटी उघडून मोजून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं, "बाई, पेटी काढू?" मी म्हटलं, आता नाही, परीक्षा आहे. दुसऱ्या आठवड्यातही विचारलं. तिसऱ्या आठवड्यात विचारलं नाही. चौथ्या आठवड्यात तो शाळेत येत नव्हता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी 'गै' लिहीत होते, इतरांच्या पुढे लिहावं तसं, आणि पोर्शन संपवत होते. लक्षात आलं तेव्हा सतरा दिवस होऊन गेले होते. मी घरी गेले. घरच्यांनी सांगितलं, तो आता कामाला जातो. तो परत आला नाही.

तास चालू ठेवला असता तर तो टिकला असता, असं मी म्हणू शकत नाही. त्याच्या घरची कारणं मोठी होती. पण अमेरिकेतल्या दहा शहरांतल्या १,१३९ मुलांवर झालेला शाळेतल्या मार्गदर्शकांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात पहिल्या वर्षी मुलांचं वर्गातलं काम सुधारलं होतं. दुसऱ्या वर्षी, बऱ्याच मुलांचं मार्गदर्शकाशी भेटणं थांबल्यावर, ती सुधारणा बहुतांशी विरून गेली. हे मी त्या परीक्षेआधी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही केलं.

त्यानंतरच्या वर्षी सुरुवातीलाच आम्ही शिक्षकांनी एक गोष्ट केली. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका गटानं शाळांसाठी सुचवलेली ही पद्धत आहे. सभागृहाच्या भिंतीवर सगळ्या मुलांची नावं लावायची. प्रत्येक शिक्षकानं, ज्या मुलाशी आपलं खरंच बोलणं आहे, जो अडचणीत आपल्याकडे येईल, त्याच्या नावापुढे एक ठिपका चिकटवायचा. वीस मिनिटं कोणी काही बोलत नव्हतं, फक्त चालण्याचे आवाज. मग आम्ही मागे सरून बघितलं. पहिल्या काही नावांपुढे ठिपक्यांची रांग, एवढी की पुढच्या नावावर गेली होती. दंगेखोरांपुढेही होते, त्यांच्याशी रोज बोलावंच लागतं. आणि मग कितीतरी नावांपुढे काहीच नाही. ती मुलं नापास होत नव्हती, पहिली येत नव्हती, भांडत नव्हती. इतक्या मोठ्या शाळेत, इतक्या मोठ्या माणसांत, त्यांचं असं कुणीच नव्हतं. भिंतीवरच्या त्या मोकळ्या जागा बघून मला माझ्या वहीतल्या रेघा आठवल्या.

जेम्स कोमर नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञानं १९६८ मध्ये येल विद्यापीठातर्फे न्यू हेवन शहरातल्या दोन मागे पडलेल्या प्राथमिक शाळांत काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी अभ्यासक्रमाआधी हात घातला तो नात्यांना: शिक्षक आणि मुलं, पालक आणि शाळा. गुण पुढे वाढले, आणि ते वाढायला वर्षं लागली. ती वर्षं शाळांनी दिली.

आम्ही ती ठिपका नसलेली नावं आपापसांत वाटून घेतली. कुणीही मुलांना हे सांगायचं नव्हतं, फक्त ओळख करून घ्यायची होती. माझ्या वाट्याला आलेली एक मुलगी तिसऱ्या रांगेत बसायची. तिच्या उत्तरपत्रिकेत शेवटचे दोन प्रश्न कायम कोरे. मी धरून चालले होते की तिला ते अवघड जातात, किंवा चुकायची भीती वाटते. तोवर माझा तो ठरलेलाच निष्कर्ष झाला होता. दोन आठवडे मी नुसती येता-जाता बोलत राहिले. एकदा मधल्या सुट्टीत ती चित्र काढत होती, तेव्हा दिसलं की ती डावखुरी आहे. बाकावर ती उजव्या टोकाला बसायची आणि शेजारीण डावीकडे. दोघी लिहायला लागल्या की तिचा डावा कोपर शेजारणीच्या उजव्या कोपराला लागायचा, म्हणून ती हात आखडून, सावकाश लिहायची. तिचा वेळ संपायचा. इतक्या वर्षांत तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणाला दिसलंही नव्हतं. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "कुणाला सांगायचं, ते कळलं नाही."

तिला मी बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं.

पुढच्या चाचणीत तिच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. दोन फुल्या होत्या, शेवटच्या दोन प्रश्नांच्या. उत्तरपत्रिका वाटून झाल्यावर वर्ग मोकळा होत होता, तेव्हा ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. दुसऱ्या फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, इथे नेमकं काय चुकलं?"